छत्तीस इंचांत ‘कबड्डी’

तालुक्याच्या गावातल्या एका मंडळाची कबड्डी स्पर्धा. मैदानाच्या प्रवेशद्वारावर २० फूट रुंद, १० फूट उंच फ्लेक्स लागणार होता. त्याच मजकुराची व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची पोस्ट, पावतीपुस्तकाचं मुखपृष्ठ आणि खेळाडूंची प्रमाणपत्रं असं सगळं मिळून काम माझ्याकडे आलं. मंडळाने वहीच्या पानावर लिहून दिलेलं शीर्षक होतं: ‘भव्य राज्यस्तरीय निमंत्रित पुरुष व महिला कबड्डी स्पर्धा’. मागणी एकच होती, अक्षर दणदणीत दिसलं पाहिजे आणि ते एसटी स्टँडवरून वाचता आलं पाहिजे. सोबत नमुना म्हणून एका इंग्रजी क्रीडा-पोस्टरचा फोटो जोडला होता. सगळी कॅपिटल अक्षरं, उंच, जाड, एकमेकांना खेटून उभी, तीन ओळी एकमेकींवर विटांसारख्या रचलेल्या. ‘हे असंच, फक्त मराठीत.’

या चार शब्दांतच कामाची सगळी अडचण होती. मराठी मजकुराला जाड आणि अरुंद, म्हणजे ज्याला सगळे बोल्ड कंडेन्स्ड म्हणतात तसा, फॉन्ट लावताना नेमकं काय होतं हे या एका शीर्षकात इतकं स्वच्छ दिसलं की ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

आधी जागेचा हिशोब. २०० चौरस फूट ऐकायला भरपूर वाटतात. पण डावीकडे उद्घाटकांचा फोटो, उजवीकडे प्रमुख पाहुण्यांचा, वर मंडळाचं नाव आणि देवाची तसबीर, खाली शुभेच्छुकांची रांग. ही रांग कमी करता येत नाही, फ्लेक्सचे पैसे तिथूनच येतात. सगळं लावून झाल्यावर शीर्षकाला मधोमध १२ फूट बाय ३ फुटांची पट्टी उरली, म्हणजे १४४ इंच रुंद आणि ३६ इंच उंच.

एसटी स्टँड रस्त्याच्या पलीकडे, अंदाजे दीडशे फुटांवर. पाटीच्या धंद्यात एक ढोबळ नियम चालतो: दर १० फुटांमागे १ इंच अक्षर. तेव्हा अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून काना जिथे टेकतो तिथपर्यंतची उंची, १५ इंचांच्या आसपास हवी. हा नियम इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी बनलेला आहे. मराठीची जोडाक्षरं पाहता थोडं जास्तच हवं, कमी नको.

इंग्रजी नमुना काय सांगत होता

जाड-अरुंद अक्षर मुळात भिंतीवरच्या जाहिरातीचं अपत्य. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी टाइप, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, यंत्राने मोठ्या प्रमाणावर कापायला सुरुवात केली. धातूत ओतायला जड आणि महाग पडणारी मोठी अक्षरं त्यामुळे स्वस्त झाली. कागदाची रुंदी ठरलेली असते. शब्द मोठा दिसायला हवा आणि बाजूला पसरायला जागा नाही, तर अक्षर वर वाढवायचं. सर्कस, नाटकं, लिलाव, बक्षिसांची पत्रकं अशा सगळ्या कामांत हे अक्षर रुळलं. १९६५ मध्ये शेफिल्डच्या स्टीफनसन ब्लेक कंपनीने जेफ्री ली यांचा ‘इम्पॅक्ट’ धातूच्या टाइपात काढला तोही याच जातीचा: दिलेल्या उंचीत जास्तीत जास्त शाई, अक्षराच्या आतली पोकळी जेमतेम फटीएवढी. पुढे मायक्रोसॉफ्टने तो संगणकांवर पोचवला. फोटोवर पांढऱ्या अक्षरात, काळ्या किनारीत लिहिलेले इंग्रजी विनोद पाहिले असतील, तर इम्पॅक्ट तुम्ही पाहिलेला आहे.

ही रचना चालते ती इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या एका सोयीमुळे. ती सगळी दोन समांतर रेषांच्या आत राहतात, वर काही निघत नाही, खाली काही लोंबत नाही. म्हणून ओळीवर ओळ जवळजवळ चिकटवून ठेवता येते. ३६ इंचांत इंग्रजीच्या दोन ओळी रचल्या, मध्ये थोडी फट सोडली, तरी प्रत्येक अक्षर १६ इंचांचं मिळतं.

आता मराठी. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार, हलन्त, आणि उभी रचलेली जोडाक्षरं. अक्षराचं अंग १ धरलं तर वर साधारण पाऊण-अर्ध्याच्या मधलं काहीतरी, फॉन्टनुसार कमी-जास्त, आणि खाली तेवढंच लागतं. घट्ट बसवलेल्या डिस्प्ले, म्हणजे मोठ्या मथळ्यांच्या, फॉन्टमध्येही पूर्ण ओळीला अंगाच्या १.९ पट उंची सोडावी लागली. म्हणजे ३६ इंचांत दोन ओळी म्हटल्या की प्रत्येकीला १८ इंच, आणि अक्षराचं अंग साडेनऊ इंच. बस.

इथे एक गंमत निघाली. तेच शीर्षक दोन ओळींत एका नेहमीच्या रुंदीच्या जाड फॉन्टमध्ये लावून पाहिलं, तर रुंदीच्या हिशोबाने १० इंचांचं अक्षर बसत होतं. अरुंद फॉन्टमध्ये रुंदीच्या हिशोबाने १५ इंच बसत होतं, पण उंची साडेनऊच्या पुढे जाऊ देत नव्हती. दोन्हीकडे अक्षर शेवटी साडेनऊ इंचांचंच. अरुंद फॉन्ट घेऊन दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडण्यापलीकडे काहीच हाती लागत नव्हतं.

कंडेन्स्ड फॉन्ट आडवी जागा वाचवतो, उभी वाचवत नाही. इंग्रजीत तो ओळी रचण्यासाठी कामाला येतो. मराठीत त्याचा खरा उपयोग लांब मजकूर एकाच ओळीत ठेवण्यासाठी. नमुन्यातल्या विटांची रचना मराठीत आणायला गेलं की फॉन्ट कितीही चांगला असो, तो हरतो.

मजकुराला कात्री

म्हणून फॉन्ट ठरवण्याआधी मजकूर ठरवायला बसलो. पूर्ण शीर्षक एका ओळीत अरुंद फॉन्टमध्ये लावलं तर अंग साडेसात इंचांच्या आसपास. निम्मंच. तेव्हा शीर्षक तोडायलाच हवं होतं.

‘भव्य’ काढायला मंडळाची कुरकुर झाली. अध्यक्ष म्हणाले, “भव्य नाही लिहिलं तर लोकांना बारकी स्पर्धा वाटंल की.” मी म्हटलं, “भाऊ, अक्षर सोळा इंची झालं की भव्य लिहायची गरज उरत नाही.” हे त्यांना पटलं की शुभेच्छुकांच्या यादीकडे वळायची घाई होती, ते सांगता येणार नाही. ‘निमंत्रित’ आणि ‘पुरुष व महिला’ हे खाली लहान ओळीत न्यायचं ठरलं. महिलांचा उल्लेख लहान अक्षरात जाणं मला खटकत होतं, पण पुरुषांचाही तिथेच गेला, म्हणून निभावलं.

उरलं ‘राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धा’. तीनच शब्द. अरुंद फॉन्टमध्ये एका ओळीत लावल्यावर रुंदीच्या हिशोबाने अंग १६ इंच निघालं. उंचीचा हिशोब: १६ गुणिले १.९ म्हणजे साधारण ३० इंच. ३६ पैकी ६ इंच लहान ओळीला शिल्लक. नेहमीच्या रुंदीच्या फॉन्टमध्ये हीच ओळ पावणेअकरा इंचांवर अडकत होती. अरुंद फॉन्ट घेतल्याचा फायदा इथे पहिल्यांदा दिसला, आणि तो थोडाथोडका नव्हता.

फॉन्टची निवड

फ्लेक्सच्या दुकानांत या प्रसंगी सर्रास काय केलं जातं ते आधी सांगतो, कारण मंडळाचा पहिला सल्ला तोच होता: ‘हाय तोच फॉन्ट घ्या, बाजूनं दाबा.’ जाड फॉन्ट निवडायचा, कडेचा चौकोन धरायचा आणि साठ-पासष्ट टक्क्यांवर आणायचा. इंग्रजीतही हे वाईटच दिसतं, पण मराठीत त्याचं रूप वेगळं आहे. बाजूने दाबलं की फक्त उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात. म्हणजे काना आणि दंड किरकोळ, आणि त्यावर शिरोरेषा तुळईसारखी जाड. डोळा अक्षराकडे न जाता त्या काळ्या आडव्या पट्ट्याकडे जातो. मग अक्षर बारीक वाटतंय म्हणून त्याला सगळीकडून किनार लावतात, आणि ‘ध’, ‘ष’, ‘क’ यांच्या आतली उरलीसुरली पोकळीही बुजते. गावोगावचे फ्लेक्स पाहिले तर हा प्रकार दर दुसऱ्या चौकात सापडेल. खरा कंडेन्स्ड फॉन्ट म्हणजे दाबलेला फॉन्ट नव्हे. त्यात रेघांची जाडी, पोकळ्या, शिरोरेषा हे सगळं त्या रुंदीसाठी नव्याने काढलेलं असतं.

नमुन्यातल्या इंग्रजी फॉन्टसारख्या बहुतेकांत देवनागरी नसतेच. इम्पॅक्ट निवडून मराठी टाइप केलं तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो, विंडोजवर बऱ्याचदा मंगल किंवा निर्मला. मंगल हा र. कृ. जोशींनी पडद्यावरच्या मजकुरासाठी केलेला फॉन्ट. त्याच्यावर फ्लेक्सचं ओझं टाकणं हा त्याच्यावरच अन्याय.

समोर खरे पर्याय तीन होते, तिन्ही फुकट आणि खुल्या परवान्याचे. इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा ‘खंड’, त्यांचाच ‘टेको’, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’. खंड मला आवडतो. आतून मोकळा आहे, बातमीच्या मथळ्याला छान शोभतो, पण त्याचा स्वभाव जरा सभ्य आहे. ‘अनेक’ हा २०२२ मधला, दहा लिप्यांचा परिवार. त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही सरकवता येतात, त्यामुळे तोच फॉन्ट मथळ्याला अरुंद आणि मजकुराला रुंद असा वापरता येतो. पण अरुंद टोकालाही त्याच्या वळणांत एक गोलसरपणा राहतो.

टेको चौकोनी. वळणं कोपऱ्यात दुमडल्यासारखी, रेघांची जाडी जवळपास एकसारखी, ‘ब’ आणि ‘व’ यांची पोटं गोल न राहता उभ्या खिडकीसारखी. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण टेकोचं अक्षर खेळाच्या मैदानावर शोभतं खरं, आणि नमुन्याच्या वळणाशी सगळ्यांत जवळचाही तोच होता. म्हणून टेको.

जाडीचा प्रश्न मात्र लगेच सुटला नाही. टेकोच्या पाच जाड्यांपैकी सगळ्यांत जाड ‘बोल्ड’ ही फाउंड्रीच्याच सांगण्यानुसार एक-दोन शब्दांपुरती. लांब मथळ्यांसाठी त्यांनी रेग्युलर, मीडियम आणि सेमीबोल्ड सुचवले आहेत. मंडळाला अर्थात बोल्डच हवा होता. वाद घालण्यापेक्षा फ्लेक्सच्याच कापडावर ‘ड्ड’ हे एक अक्षर दोन्ही जाड्यांत खऱ्या मापात छापून घेतलं आणि दुकानासमोरच्या भिंतीला टेकवून रस्त्याच्या पलीकडून सगळ्यांना दाखवलं. गडद निळ्यावर पांढरं अक्षर होतं. गडदवरचं पांढरं आहे त्यापेक्षा जाड भासतं, त्यात फ्लेक्सची छपाई काही बारीक नसते. बोल्डमधला ‘ड्ड’ लांबून पांढरा गोळा दिसत होता. सेमीबोल्डमध्ये दोन ड वेगवेगळे कळत होते. अध्यक्षांनीच सेमीबोल्डकडे बोट दाखवलं, आणि वर “हे जास्त बोल्ड दिसतंय” असं म्हणाले. एका अर्थी बरोबरच होतं ते. आतली फट दिसली तरच बाहेरची जाडी जाणवते.

‘ड्ड’चं काय करायचं

सगळ्या ओळीत शिरोरेषेवर जाणाऱ्या गोष्टी तीन: ‘राज्यस्तरीय’ची वेलांटी, ‘कबड्डी’ची वेलांटी, ‘स्पर्धा’चा रफार. खाली उतरणारी मात्र एकच, ‘ड्ड’. ज्य, स्त, स्प ही जोडाक्षरं आडवी जुळतात, काही लोंबत नाही. एका अक्षरासाठी अख्ख्या ओळीखाली सात इंचांची पट्टी मोकळी सोडायची, हे मला खुपत होतं.

पहिला उपाय सुचला तो हलन्ताचा: ‘कबड्‌डी’. ड ला पायमोड, पुढे पूर्ण ड. शाळेच्या पुस्तकांत एके काळी ‘विद्‌यार्थी’ असं छापलेलं अनेकांना आठवत असेल, त्याच पद्धतीचं. यात खोली कमी होते, कारण हलन्त छोटा असतो. मंडळाच्या बैठकीत हा कागद ठेवला आणि क्षणात उत्तर आलं. “ओ, कबड्डी अशी फोडून लिहितात होय? गाव हसंल.” एक जण तर म्हणाला की यात रेडर बाद झाल्यासारखा दिसतोय.

गाव हसेल हे कारण मला पुरेसं होतं. ज्या शब्दासाठी लोक येणार तो शब्द त्यांना ओळखीचाच दिसला पाहिजे. पण हिशोबही त्यांच्याच बाजूने होता. फोडलेल्या रूपात एक पूर्ण ड वाढतो, ओळ लांबते आणि १६ इंचांचं अंग १५ वर येतं. उभ्या रचनेत दोन ड एकाच्या रुंदीत बसतात. आडवी जागा वाचवायचीच तर देवनागरीकडे स्वतःचं हत्यार आहे, ते कंडेन्स्ड फॉन्टच्या कितीतरी आधीचं आहे, आणि त्याची किंमत उंचीत मोजावी लागते. दोन्ही हत्यारं एकाच शब्दात वापरली की ‘कबड्डी’सारखं अरुंद पण उंच-खोल रूप तयार होतं.

मग उलटा विचार केला. खाली फक्त ‘ड्ड’च उतरतोय, तर त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी का ठेवायची? ‘राज्यस्तरीय’पासून ‘कब’पर्यंत खालची पट्टी मोकळी, आणि ‘स्पर्धा’ खालीही मोकळी. लहान ओळ सलग न ठेवता दोन तुकड्यांत केली. डावीकडे ‘निमंत्रित पुरुष व महिला संघ’, उजवीकडे तारखा, आणि मधून ‘ड्ड’ पाचर मारल्यासारखा खाली. लहान ओळीला ६ इंचांऐवजी जवळपास १२ इंचांची उंची मिळाली, त्यामुळे तीही अपेक्षेपेक्षा मोठी झाली. डाव्या तुकड्यात वेलांट्या आणि अनुस्वार असल्यामुळे तो थोडा खाली धरावा लागला. तारखांत आकडेच जास्त, त्यांना वर काही नाही, म्हणून त्या वर सरकवता आल्या. ‘पुरुष’मध्ये ‘पु’चा उकार खाली येतो पण ‘रु’चा कंबरेलाच अडकतो, असल्या बारीकसारीक गोष्टींनी अर्ध्या-अर्ध्या इंचाची सोय झाली.

हे कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप करत नाही. ते ओळीचं सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खोल टोक धरून चौकोन आखतं, आणि त्या चौकोनात ओळ निमूट बसते. नाटकांच्या जाहिरातींची नावं हाताने रेखाटणारे कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार शब्दातल्या अशा मोकळ्या जागा नजरेनेच हेरत. फॉन्ट वापरताना ती नजर आपल्याला उसनी आणावी लागते.

दुकानात गेल्यावर

फाइल पाठवताना दुकानातून नेहमीचा निरोप आला, “सर, कर्व्ह करून पाठवा, आमच्याकडं फॉन्ट नाही.” म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून, मग फॉन्ट लागत नाही. हे योग्यच. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी उघडलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला गेलेली सापडते. वरच्या ओळीत ‘वर्ष तिसरे’ऐवजी कुणीतरी ‘तिसऱ्या वर्षी’ असं सुचवलं होतं, आणि दुकानातल्या माणसाने ते स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये लावून पाहिलं तेव्हा ऱ्य ऐवजी य वर रफार आला. अर्ध्या र चं हे रूप मराठीत रोजचं आहे, पण ज्यांनी फॉन्ट हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केले त्यांना ते आठवत नाही. कर्व्ह केलं की निदान ही भीती जाते.

पण कर्व्हची स्वतःची एक खोड आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःच्या शिरोरेषेचा तुकडा असतो आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर तो किंचित चढलेला असतो. टाइप केलेलं असताना ही जोड दिसत नाही. कर्व्ह केल्यावर ते सुटे आकार होतात. दुकानातल्या माणसाने न विचारता, चांगल्याच हेतूने, अक्षरांना लाल किनार आणि काळी सावली लावली. किनार प्रत्येक सुट्या आकाराला लागली, आणि अख्खी शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी उभ्या लाल रेघेने चिरली गेली. ‘राज्यस्तरीय’ डब्याडब्यांच्या मालगाडीसारखा दिसायला लागला. छपाईआधी मोबाइलवर फोटो आला म्हणून हे वेळेत कळलं.

उपाय सोपा आहे: कर्व्ह केल्यावर शब्दातले सगळे आकार वेल्ड करून एकसंध करायचे, मग काय हवं ते लावा. पण अरुंद फॉन्टला किनार लावावीच का, हा आधीचा प्रश्न. अक्षरांमधली जागा मुळात इतकी कमी असते की बाहेर वाढणारी किनार लगेच शेजारच्या अक्षरात घुसते. आणि जागा करायला अक्षरं लांब लांब केली तर शिरोरेषा तुटते. इंग्रजीत अक्षरांत अंतर वाढवून जी शान आणतात ती आपल्याकडे चालत नाही. शेवटी किनार काढली, सावली काढली, मागचा निळा थोडा अजून गडद केला. दुकानदाराला हे फार ‘प्लेन’ वाटलं. फ्लेक्सच्या वरच्या भागात फुलं आणि ज्योती त्याच्या मनाप्रमाणे राहू दिल्या, तेव्हा प्रकरण मिटलं.

फ्लेक्सच्या बाहेर

प्रवेशद्वारावर फ्लेक्स चढला आणि स्टँडवरून ‘कबड्डी’ वाचता आलं. ‘राज्यस्तरीय’ तितक्याच सहज वाचता येत नव्हतं. एकाच शब्दात ‘ज्य’ आणि ‘स्त’, दोन अर्धी अक्षरं, सगळे दंड एकाच अंतराने उभे, लांबून कुंपणाच्या गजांसारखं होतं ते. ‘क’, ‘ब’, ‘ड’ यांचे आकार एकमेकांपासून वेगळे असल्यामुळे तो शब्द तरला. अरुंद फॉन्टमध्ये शब्दाशब्दांत असा पक्षपात होतोच. कान्याकान्यांचे शब्द मार खातात.

रात्रीचा अनुभव मिश्र. हॅलोजनचा झोत खालून होता, फ्लेक्सला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि सामने तर संध्याकाळीच. पांढरी अक्षरं झोताच्या जवळ फुगल्यासारखी दिसत होती. बोल्ड घेतला असता तर ‘ड्ड’ तिथे नक्की गेला असता.

पोस्टमध्ये ही रचना जशीच्या तशी नेता आली नाही. मोबाइलवरची पोस्ट चौकोनी, तिथे एका ओळीचा हट्ट धरला तर अक्षर मुंगीएवढं. म्हणून तिथे तीन शब्द तीन ओळींत, पण तीन मापांत: ‘कबड्डी’ सगळ्यांत मोठा, वर लहान ‘राज्यस्तरीय’, आणि ‘ड्ड’च्या उजवीकडे, वेलांटीच्या कान्याखाली शिरवलेला ‘स्पर्धा’. रफार नेमका कान्याच्या टोकाला लागत होता, तो दोन पिक्सेल सरकवून सोडवला.

मंडळातल्या एका हौशी मुलाला टेको इतका आवडला की त्याने सामन्यांचं वेळापत्रक आणि नियमही टेको बोल्डमध्ये टाइप करून छापले. ए-फोर कागद, बारा पॉइंट, सगळे संघ, सगळ्या वेळा. पहिल्याच दिवशी एक प्रशिक्षक चष्मा वर करून कागद उजेडात धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर ‘एक टाइप’च्याच ‘मुक्त’मध्ये लावून दिला, दोन पानं झाली, तक्रार थांबली. प्रमाणपत्राला ‘अनेक’ वापरला, वर अरुंद, खाली नेहमीच्या रुंदीचा. खेळाडूचं नाव हाताने लिहायचं होतं, त्याच्यावर ओरडणारा फॉन्ट नको होता.

टी-शर्टचे आकडे मात्र टेकोतच केले, आणि तिथे जाडीची कंजुषी करायचं कारण नव्हतं. दोन आकडी नंबर पाठीवर, खांद्याच्या आत बसवायचा, मागे-पुढे काही नाही, वर-खाली काही नाही. मॅटच्या कडेला बसलेल्या गुणलेखकाला चढाईच्या ३० सेकंदांत तो एका नजरेत कळला पाहिजे. इथे बोल्ड अगदी चपखल बसला. आकड्यांना मात्रा नसतात.

पुढच्या वर्षीचं बोलणं आत्ताच सुरू झालंय. अजून एक प्रमुख पाहुणे वाढणार आहेत, त्यांचा फोटो उजवीकडेच हवाय, म्हणजे पट्टी १२ फुटांवरून १० वर येईल आणि सोळा इंचांचं अक्षर सव्वातेरावर. मी ‘राज्यस्तरीय’ खालच्या ओळीत न्यायला सुचवलंय. अध्यक्षांनी विचार करून सांगतो म्हटलंय, आणि ‘भव्य’ परत घालता येईल का तेही विचारलंय.